सहन होते म्हणून किरकोळ? : कोपराच्या दुखण्याविषयीचा एक घातक समज

कोपर दुखू लागले की त्या दुखण्याची गंभीरता ठरवण्यासाठी महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत एकच प्रश्न विचारला जातो : सहन होते की नाही? सहन होत असेल तर दुखणे किरकोळ, तेल लावून शेकले की उतरणारे. सहन होत नसेल तर ते मोठे, आणि मग हात ओढून, चोळून, 'बसवून' देणारा कोणी जाणकार गाठायचा. या समजामागे एक सरळ तर्क उभा केला जातो. कोपर गुडघ्यासारखे शरीराचे वजन पेलत नाही, त्याच्या आत नाजूक असे काही नाही, तिथली बहुतेक दुखणी आपोआप जातात हा सर्वांचा अनुभव आहे, आणि वेदना ही तर शरीराने स्वतःच दिलेली मोजपट्टी आहे. वेदना जेवढी, तेवढा आजार. हा तर्क वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच सुशिक्षित घरांतही तो विनातक्रार मान्य होतो. प्रत्यक्षात त्यातली पहिली दोन विधाने चुकीची आहेत, तिसरे अर्धवट खरे आहे, आणि वेदनेलाच माप मानणारे चौथे विधान माणसांचे हात कायमचे अधू करते.

कोपरात नाजूक असे काही नाही, हे विधान शरीररचनेची तोंडओळखही नसल्याचे लक्षण आहे. बाहेरून एकच दिसणाऱ्या या सांध्यात दंडाचे एक आणि हाताच्या पुढच्या भागातली दोन अशी तीन हाडे एकाच आवरणाखाली तीन वेगवेगळे सांधे करतात, आणि त्यामुळेच हात दुमडणे व सरळ करणे आणि तळवा वर-खाली फिरवणे ही दोन्ही कामे एकाच जागेतून होतात. पंजाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी सांध्याच्या अगदी पुढून खाली उतरते. मागच्या बाजूला, आतल्या हाडाच्या उंचवट्यामागच्या खोबणीतून, एक जाड चेता जाते. चेता म्हणजे मेंदू आणि स्नायू यांच्यात संदेश नेणारी दोरी, जिला बोलीत नस म्हणतात. या चेतेवर तिथे त्वचेखेरीज जवळपास कोणतेच आच्छादन नसते, म्हणूनच कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. पंजाची बारीक कामे, म्हणजे सुई धरणे, गुंडी लावणे, बोटे एकमेकांपासून फाकवणे, ही प्रामुख्याने याच चेतेवर अवलंबून असतात. एवढा ऐवज जिथे कातडीखाली इंच-दीड इंचाच्या आत दाटीवाटीने बसवलेला आहे, त्या जागेला कणखर म्हणायचे कशाच्या आधारावर?

वजन न पेलण्याचा मुद्दा तर साध्या हिशेबातच खोटा ठरतो. दंडाच्या पुढचा स्नायू सांध्याच्या आसापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि हातातले ओझे त्याच आसापासून ३०-३५ सेंटीमीटर दूर असते. त्यामुळे कोपर काटकोनात ठेवून १० किलोची पाण्याची बादली धरली, तर त्या स्नायूला ओझ्याच्या सुमारे सात-आठ पट जोर लावावा लागतो आणि त्यातला बहुतांश भार सांध्यावर येतो. पाणी भरणारी बाई, पोती उचलणारा हमाल आणि विटा देणारा मजूर दिवसभर हाच भार कोपरावर घेत असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे वेदनेच्या मोजपट्टीकडे वळले पाहिजे. कोपराच्या दुखण्यांत सर्वाधिक आढळणारे दुखणे म्हणजे टेनिस एल्बो. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडावर ज्या कंडरेने, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याने, बांधलेले असतात, तिथे हे दुखणे उद्भवते. एकच हालचाल वर्षानुवर्षे होत राहिली की कंडरेचे तंतू झिजतात आणि त्यांची दुरुस्ती अर्धवट राहते. बहुसंख्य रुग्णांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. ते कपडे पिळणारे, पोळ्या लाटणारे, थापी चालवणारे, रंधा मारणारे, संगणकाचा माउस तासन्‌तास धरणारे असतात, आणि बहुतेकांचे वय ३५ ते ५५ च्या दरम्यान असते. हे दुखणे जीव नकोसा करते. तळवा खाली ठेवून खुर्ची किंवा भरलेला कुकर उचलायला गेले की कळ थेट बोटांपर्यंत जाते आणि हातातली वस्तू सुटते. तीच वस्तू तळवा वर करून उचलली तर कळ पुष्कळ कमी असते, आणि हा फरक निदानाला मोठी मदत करतो. पण या तीव्र वेदनेत सांधा शाबूत असतो, चेता शाबूत असते, आणि वर्षभराच्या आत बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय ओसरते. सहनशक्तीच्या मापाने पाहिले तर कोपराचा हा सर्वांत मोठा आजार ठरावा; वास्तवात तो त्या मानाने निरुपद्रवी आहे.

वेदनेला माप मानल्याचा फटका इथेही बसतोच, फक्त उलट्या दिशेने. दुखणे असह्य आहे, म्हणजे काहीतरी जालीम उपाय हवा, अशा घाईने रुग्ण स्टिरॉइडचे इंजेक्शन मागतो, आणि ते दिलेही जाते. इंजेक्शनाने काही आठवडे खरोखर आराम पडतो. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, ज्यांना स्टिरॉइड दिले त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांचे दुखणे वर्षभरात उलटले, तर ज्यांना औषधविरहित इंजेक्शन दिले त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. झिजलेल्या कंडरेला हवा असतो तो बेताने वाढवत नेलेला भार, म्हणजे हलके वजन हातात घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा, आठवडेच्या आठवडे चालणारा व्यायाम, आणि दुखवणाऱ्या हालचालीत केलेला बदल. सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरामुळे २००४-०५ मध्ये या दुखण्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. मे २००५ मध्ये लंडनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो परतला. त्या गाजलेल्या उदाहरणावरून टेनिस एल्बोला शस्त्रक्रियाच लागते असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण बहुतांश रुग्णांना तिची गरजच पडत नाही.

याच्या नेमके उलट टोक आतल्या बाजूच्या त्या उघड्या चेतेचे आहे. कोपर सतत दुमडलेले राहिले, टेबलाच्या कडेवर टेकवले गेले किंवा जुन्या अस्थिभंगाने त्याचा आकार बदलला की खोबणीतली ही चेता दबते. या अवस्थेत दुखते ते थोडेच. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू बधिर वाटते, रात्री मुंग्या येतात, सकाळी हात झटकला की बरे वाटते, आणि म्हणून महिनोन्‌महिने कोणी त्याकडे लक्ष देत नाही. मग एके दिवशी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला, हाताच्या पाठीकडचा मांसल भाग खोलगट झालेला दिसतो. अशा माणसाने पोस्टकार्ड अंगठा व तर्जनीच्या कडेत सरळ धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, तर अंगठ्याचे टोक आपोआप वाकते, कारण अंगठा सरळ ठेवून दाबणाऱ्या स्नायूत जोर उरलेला नसतो. वाळलेला स्नायू उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेनेही पुरता भरून येईल याची खात्री देता येत नाही. ज्या दुखण्यात दुखणेच नाममात्र आहे, त्याला 'सहन होते का' हा प्रश्न विचारून काय हाती लागणार? तिथे उत्तर नेहमी 'होते' असेच येईल, आणि पंजा जाईपर्यंत येत राहील.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. कुष्ठरोगात सर्वाधिक वेळा बाधित होणाऱ्या चेतांमध्ये कोपरामागची ही चेता अग्रभागी आहे. ती बोटाला जाड, दोरीसारखी लागते आणि दाबली की दुखते. राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, आणि त्यानंतर रोगच संपला असा समज शहरांत पसरला; पण बाबा आमट्यांनी जिथे कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले त्या चंद्रपूर जिल्ह्यात, शेजारच्या गडचिरोलीत आणि मुंबईजवळच्या पालघरात नवे रुग्ण आजही सापडतात. सरकारी आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो, आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत तो पूर्ण होतो. चेतेचे नुकसान सहा महिन्यांच्या आतले असेल तर योग्य औषधांनी ते बऱ्याच अंशी मागे फिरवता येते. हे सहा महिने कोपराला तेल चोळण्यात घालवण्याइतके स्वस्त आहेत काय? कातडीवर फिकट, बधिर चट्टा आहे का, एवढे पाहायलाही वेळ नसावा, आणि करंगळी वाकडी झाल्यावर 'दुखत तर नव्हते' हे कारण पुढे करावे, यात शहाणपण कुठले?

पण या समजाने केलेली सर्वांत मोठी हानी मुलांच्या वाट्याला येते. झाडावरून, गच्चीच्या पायरीवरून किंवा पलंगावरून हात पसरून पडलेल्या पाच ते सात वर्षांच्या मुलाचे दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. मुलांमध्ये कोपराचा हा सर्वांत नेहमीचा अस्थिभंग आहे. मोडलेले टोक पुढे सरकले की मुख्य रोहिणी आणि शेजारच्या चेता त्यावर ताणल्या जातात. सूज वाढत जाते, आणि त्याच वेळी कोणी बांबूच्या कामट्या लावून हात आवळून बांधला किंवा हात जास्त दुमडून घट्ट प्लॅस्टर घातले, तर आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. काही तासांतच, सहा तासांच्या आसपास, स्नायू मरू लागतो आणि पुढे आकसून पंजा पक्ष्याच्या नखीसारखा वाकतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी जिचे कारण कळले, त्या विकृतीने एखाद्या मुलाचा हात आजच्या काळात जावा, हे समाजाच्या कोणत्याही सबबीने समर्थनीय ठरत नाही.

या प्रसंगात मोजपट्टीवाल्यांचे उत्तर ठरलेले असते : हाड मोडले म्हणजे दुखणारच, पोराने थोडे सोसावे. बांधल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे, बोटे हलकेच सरळ केली तरी मुलाने किंचाळणे, बोटे फिकी, गार किंवा बधिर पडणे, या खुणा दिसल्या की बंधन तत्काळ सैल करून मुलाला रुग्णालयात नेलेच पाहिजे. त्यासाठी सकाळची वाट पाहता येत नाही. याहून भयानक गोष्ट अशी की काही तासांनी ही वेदना कमी होते. कमी होते ती आराम पडला म्हणून नव्हे, तर वेदना वाहून नेणाऱ्या चेताच निकामी झाल्या म्हणून. पोर शांत झोपले असे समजून घर समाधान मानते, त्या वेळी हात हातचा गेलेला असतो.

लहान मुलांच्या बाबतीत 'हात बसवून देण्या'चे समर्थन करणारे एका दुखण्याचा दाखला हटकून देतात. एक ते चार वर्षांच्या मुलाला मनगटाला धरून झटक्याने उचलले की कोपरातले एक हाड त्याच्या कड्यातून किंचित निसटते. मूल हात अंगाशी धरून ठेवते, सूज नसते, आणि जाणत्या हाताने विशिष्ट पद्धतीने तळवा फिरवला की काही मिनिटांत ते पुन्हा खेळू लागते. हे खरे आहे. पण मूल पडले असेल किंवा कोपर सुजलेले असेल तर तो हा प्रकार नव्हेच, आणि त्याच हालचालीने मोडलेले हाड चेतेत घुसू शकते. एका दुखण्यातल्या यशाचा परवाना दुसऱ्या दुखण्यावर वापरणाऱ्यास जाणकार म्हणता येत नाही.

चोळण्याची गोष्टही अशीच. दुखावलेल्या कोपराची जोराने मालिश केली किंवा ते बळाने ताणले तर दंडाच्या पुढच्या स्नायूत रक्त साकळलेल्या जागी हाड तयार होऊ लागते. हे भलत्या ठिकाणी वाढणारे हाड सांधा जखडून टाकते. प्लॅस्टर निघाल्यावर हात लवकर सरळ व्हावा म्हणून मुलाच्या हातात पाण्याची बादली देणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार आहे. मुलाचे कोपर त्याच्या स्वतःच्या हालचालीने, वेदनेच्या मर्यादेत, काही आठवडे-महिन्यांत मोकळे होते आणि बळजबरीने ते अधिकच आखडते. नित्याच्या बहुतेक कामांसाठी कोपर ३० ते १३० अंशांपर्यंत दुमडावे लागते. त्यातला वरचा टप्पा गेला की घास तोंडापर्यंत पोहोचत नाही, वेणी घालता येत नाही. परंपरेचा मान राखण्याची एवढी किंमत त्या मुलाने का मोजावी?

बहुतेक दुखणी आपोआप जातात, हे तिसरे विधान अर्धवट खरे आहे, आणि ते घातक आहे ते त्या अर्धवटपणामुळेच. आपोआप जाणाऱ्या दुखण्यांच्या गर्दीत न जाणारी दुखणी लपतात. जड पोते उचलताना 'टक्' असा आवाज होऊन कोपराच्या पुढच्या बाजूला कळ आली आणि दंडाचा स्नायू वर गोळा झाला, तर त्याची खालची कंडरा तुटलेली असते. वेदना आठवड्यात ओसरते, पण किल्ली किंवा पाना फिरवण्याचा जोर जवळपास निम्म्याने जातो, आणि चांगली दुरुस्ती होऊ शकते ती पहिल्या काही आठवड्यांतच. कोपराच्या टोकावर लिंबाएवढी, मऊ, न दुखणारी सूज ही बहुधा निरुपद्रवी पिशवी असते. तीच लाल व गरम झाली, ताप आला, आणि रुग्णाला मधुमेह असला, तर तो जंतुसंसर्ग असतो. महिनोन्‌महिने हळूहळू सुजत जाणारे, रात्री ठणकणारे कोपर, त्याच्या वर-खाली वाळत चाललेले स्नायू, घटणारे वजन आणि संध्याकाळचा बारीक ताप हे चित्र क्षयरोगाचे असू शकते. हाताच्या सांध्यांपैकी क्षय सर्वाधिक कोपरालाच गाठतो, आणि भारतात तो विसरण्याची चैन कोणालाही परवडणारी नाही. आणि चालताना किंवा जिना चढताना डाव्या हातात कोपरापर्यंत येणारी, थांबल्यावर जाणारी कळ कोपराची नसतेच, ती हृदयाची असू शकते. छातीत न दुखताही ती येते, आणि घाम किंवा धाप असेल तर मिनिटे मोजावी लागतात.

मग गंभीरता ठरवायची कशावरून? वेदनेच्या तीव्रतेवरून नव्हे, तर हाताच्या कामावरून आणि दुखणे कसे सुरू झाले यावरून. पडल्यानंतर प्रौढ माणसाचे कोपर दुसऱ्या हाताइतके पूर्ण सरळ होते का? इंग्लंडमधल्या तातडीच्या विभागांत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांना कोपर पूर्ण सरळ करता येत नव्हते त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचे हाड मोडलेले निघाले, तर ज्यांना ते जमले त्यांच्यात अस्थिभंग क्वचितच आढळला. मुलांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर विसंबून चालत नाही. करंगळीला स्पर्श कळतो का, बोटे फाकवता येतात का, पंजा दुसऱ्या हाताइतका उबदार आहे का, सांधा लाल व गरम आहे का, ताप आहे का, सकाळी कोपरासह बोटांचे सांधे तासभर आखडलेले असतात का? हे प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. त्यांत दोष न आढळल्यास आणि वर सांगितलेल्या इतर खुणाही नसल्यास, दुखणे कितीही तीव्र असले तरी सुरुवातीला दोन-तीन आठवडे विश्रांती, कामात बदल आणि धीर हे पुरेसे असतात. दोष आढळल्यास वेदना कितीही क्षुल्लक असली तरी एक दिवसही दवडता येत नाही.

एवढी सोपी तपासणी सोडून 'सहन होते का' हाच प्रश्न टिकून राहिला, याचे कारण अज्ञान एवढेच नाही. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या सोयीचा आहे. बीडहून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या फडावर जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन निघते, दोघे मिळून एक कोयता मोजले जातात, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीचा खाडा, म्हणजे दंड, त्यांच्याच अंगावर पडतो. तिथे कोयता चालवणारी बाई दुखणे सहन होत नाही असे म्हणेल तरी कशाच्या बळावर? ज्या घरात चाळीस पोळ्या एका बाईनेच लाटायच्या असतात, तिथेही वेगळे उत्तर मिळत नाही. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही त्याच्या सहनशक्तीवर निदान बांधणे म्हणजे त्याच्या हाताची किंमत आधीच शून्य धरणे होय. फडावरच्या त्या बाईची करंगळी बधिर आहे का आणि तिचे कोपर सरळ होते का, हे पाहण्यासाठी एक्स-रे लागत नाही की मोठे रुग्णालय लागत नाही. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यासाठी खाड्याविना एक दिवस लागतो, आणि तो दिवस देणे ही तिच्या कोयत्यावर चालणाऱ्या प्रत्येक कारखान्याची जबाबदारी आहे.